अवरु होडेदरु

‘अवरु होडेदरु.’ साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून हे दोन शब्द आले आणि उलटतपास तिथंच अडला. कन्नडमध्ये ‘अवरु’ म्हणजे ते. हे अनेकवचनही आहे आणि आदरार्थी एकवचनही. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई त्यालाही ‘अवरु’च म्हणते. मी तिची दुभाषी; मराठीत ‘त्यांनी मारलं’ असं सांगितलं. आपलं ‘त्यांनी’ही तितकंच दुहेरी, म्हणून मुद्दाम तिथंच थांबले. स्टेनोनं मात्र टाइप केलं, ‘पतीने मारले’.

सांगलीतलं काम. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खालचा अर्ज. अर्जदार जतच्या पूर्वेकडची, घरची बोली कन्नड (ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत). मारणारं कोण, हा इथं किरकोळ प्रश्न नव्हता. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सामनेवाल्याच्या (ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याच्या) व्याख्येतून ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढले. आता सासू-नणंदेविरुद्धही थेट दाद मागता येते. कुणाविरुद्ध कोणता आदेश, ते अशा एखाद्या ओळीवर ठरतं.

मी हात वर केला. “दुभाष्याची विनंती आहे. मूळ शब्द एकाबद्दल की अनेकांबद्दल, हे कळत नाही. साक्षीदाराला विचारावं.” साक्ष ‘मी’ म्हणूनच सांगायची असते, त्यामुळे हा शब्द दिवसभर साक्षीदाराचा; म्हणून स्वतःबद्दल बोलायचं तेव्हा ‘दुभाषा’ म्हणायचं. नाहीतर रेकॉर्डवर दोन ‘मी’ होतात.

न्यायाधीश मॅडमनी विचारलं. साक्षीदार गप्प. अशा वेळी प्रश्न परत सांगायचा मोह होतो. सांगू नये. तो दुसऱ्यांदा कानावर पडला की दरडावल्यासारखा वाटतो आणि ती सुटण्यापुरतं उत्तर देते. बऱ्याच वेळानं आलं, ‘अत्ति’. हाही शब्द गोत्यात आणणारा: अत्ति म्हणजे सासू आणि अत्ति म्हणजे आत्याही. या पट्ट्यात आतेभावाशी लग्नं होतात, त्यामुळे दोन्ही एकच बाई असू शकते, नसूही शकते. पुन्हा हात वर. “नवऱ्याची आई,” ती म्हणाली.

मग सामनेवाल्यांचे वकील प्रतिज्ञापत्रावर गेले. तिथं ‘पतीने’ का? प्रतिज्ञापत्र करताना भाषांतर नात्यातल्या एका माणसानं केलं होतं. नातेवाईक खोटं सांगतात असं नाही, पण ते वाक्य पूर्ण करतात, क्रम लावतात, लाज वाटेल ते गाळतात. ही बाई सांगत होती ते असं: दार, मग भाकरी, मग परत दार, मग धाकट्याचं रडणं. ते तसंच तुटक मराठीत गेलं पाहिजे. मी ते गोष्टीसारखं जुळवलं, तर पुढच्या प्रश्नाला ती स्वतःच्याच साक्षीत विसंगत ठरते.

सकाळची तयारी पाच मिनिटांची होती, कोर्टाच्या परवानगीनं, दोन्ही वकिलांना सांगून. बोली जुळते का पाहायला एसटी कुठं बदलली, पाऊस कसा आहे, एवढंच विचारलं. प्रकरणातलं अक्षर नाही. मग तीन गोष्टी सांगितल्या. तू बोलशील ते सगळं मी सांगेन, शिवीसुद्धा. दुसरे बोलतील तेही तुला सगळं कळेल. मी सल्ला देऊ शकत नाही. दोन-तीन वाक्यांनी थांबायचं, आणि बोलवेना तर तळहात कठड्यावर ठेवायचा. हे दोन्ही मॅडमनाही आधी सांगून ठेवलं. उभी राहिले ती तिच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, नवरा आणि तिच्या नजरेच्या मधोमध. खांद्यावर हात ठेवायचा नाही, कितीही वाटलं तरी.

सगळ्यात वाईट प्रश्न शिव्यांचे नसतात. “तुम्ही स्वतःहून माहेरी गेलात, कोणी हाकललं नाही, हे खरं ना?” उत्तर: ‘हूं.’ कशाला हूं? गेल्याला, की न हाकलल्याला? शिवाय ते ‘हूं’ कधी होकार असतो, कधी नुसतं ‘ऐकतेय’. मी ‘हूं’ असंच सांगितलं आणि प्रश्न तोडून विचारण्याची विनंती केली. तोडल्यावर पहिल्याला होकार आला, दुसऱ्याला स्पष्ट नकार. वकिलांचा आवाज चढला होता. शब्द पूर्ण द्यायचे, ओरडणं द्यायचं नाही.

शिवीचं काय? ‘घाण शिवीगाळ केली’ हा मराठी कागदांतला ठरलेला साचा. मी शब्द जशास तसा सांगितला आणि मूळ कन्नड शब्द देवनागरीत नोंदवावा अशी विनंती केली. मॅडमनी नोंदवला. अर्ध्या तासानं माझीच वाक्यं घसरायला लागली, तेव्हा सुट्टीही मीच मागितली.

शेवटी जबाब तिला ओळ-ओळ कन्नडमध्ये वाचून दाखवायचा होता. ही पायरी लोक उरकतात, म्हणून मी ती हळू घेते. ‘पतीने मारले’ या ओळीवर तिनं तळहात कठड्यावर ठेवला. मॅडमनी पेन घेतलं, ‘पतीने’ खोडलं, वर ‘सासूने’ लिहिलं आणि बाजूला लहान सही केली.