डोळ्यांचं प्रेशर उतरलं, माझं चढलं

आईला काचबिंदू, म्हणून माझ्या डोळ्यांचं प्रेशर दरवर्षी मोजतात. १० ते २१ नॉर्मल, माझं २३-२४. ‘थेंब नकोत, पण लक्ष ठेवू’, एवढंच डॉक्टर म्हणायचे.

सातव्या महिन्यात गुहागरहून चिपळूणला दाखवायला गेले तर १९! गरोदरपणात हार्मोन्समुळे डोळ्यातलं पाणी सहज वाहून जातं, शेवटच्या तीन महिन्यांत प्रेशर उतरतं, बाळंतपणानंतर परत जागेवर येतं, असं कळलं. मी खूश. त्याच आठवड्यात गावातल्या ताईंनी पट्टा बांधला, तर बीपी १४०/९०. बीपीची गोळी, लॅबेटालॉल, सुरू झाली.

सासूबाईंनी ‘प्रेशर’ हा एकच शब्द धरला. डोळ्यांचं काय नि रक्ताचं काय, त्यांच्या लेखी एकच. लोणचं, पापड, सुकट सगळं बंद. शेजारी सुकट भाजली की माझा जीव वर-खाली.

छत्तिसाव्या आठवड्यात तांदूळ निवडत होते. सुपात खडा दिसला, बोट लावलं तर खडा सरकला. मग दुसरा, तिसरा. डोळ्यांसमोर काजवे चमकणं म्हणतात ते हेच. पावसाच्या तोंडाचे दिवस, रात्री अंगणात खरे काजवे असायचेच, पण हे भरदुपारी! कपाळही ठणकत होतं. मला वाटलं, डोळ्यांचं प्रेशर वाढलं. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. ‘नंबर वाढलाय, नवीन करून घ्या.’ गरोदरपणात बुबुळाला सूज येऊन नंबर तात्पुरता हलतो, तेव्हा चष्मा करायचाच नसतो, हे नंतर समजलं. त्यात दोन दिवस गेले. त्याचा राग अजून आहे, थोडा स्वतःवरही.

चिपळूणला डॉक्टरांनी केशरी थेंब घातला, निळा उजेड डोळ्याजवळ आणला. १७.

‘प्रेशर उत्तम आहे,’ ते म्हणाले, पण चेहरा तसा नव्हता. मग बाहुली मोठी करून पडदा बघितला. रक्तवाहिन्या आकसलेल्या, पडद्याखाली पाणी. ‘बीपी वाढलं की डोळ्यांचं प्रेशर वाढतं, पण अगदी थोडं. हे त्याचं नाहीच. बीपीने पडद्यावर घाव घातलाय. घरी जायचं नाही. बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे सरळ जा, मी फोन करतो.’

तिथे १६८/११०. लघवीत बुडवलेली पिवळी पट्टी डोळ्यांदेखत हिरवी झाली, म्हणजे प्रोटीन जातंय. झटके येऊ नयेत म्हणून दोन्ही कुल्ल्यांवर मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली. बाळंतपणाच्या कळा परवडल्या, ती इंजेक्शनं नकोत! रात्री सिझर. लेक सव्वादोन किलोची, रडली मात्र खणखणीत.

पडद्याखालचं पाणी काही आठवड्यांत आपोआप जिरलं. दोन महिन्यांनी डोळ्यांचं प्रेशर पुन्हा मोजलं, २३. घरी येऊन सांगितलं, ‘प्रेशर वाढलं.’

सासूबाई पाळण्याची दोरी ओढत होत्या. हात थांबला.

‘कुठलं गो?’