क्यार चक्रीवादळाच्या शेपटात सापडलेली देवबागची दिवाळी

२०१९ची दिवाळी मालवणजवळच्या देवबागला करायची, हे आमचं ऑगस्टातच ठरलं होतं. त्या वर्षी पाऊस हलायचं नाव घेत नव्हता. पण ऑक्टोबर संपत आला म्हणजे पाऊस गेलाच, असं धरून चालायची आपली सवय. गुरुवारी, २४ तारखेला, करूळ घाट उतरलो तो वायपर चालू ठेवूनच. गाडीत सगळ्यांचे कान विधानसभेच्या निकालांकडे होते. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी मधे दोनदा लागली, दोन्ही वेळा कोणी लक्ष दिलं नाही.

देवबागला पोचलो तर घरमालकीण काकूंचा पहिला प्रश्न, "गाडी माडाखाली कित्याक लावलात?" मला वाटलं, जागा त्यांच्या कोणाची असेल. गाडी रस्त्याकडेला घेतली. रात्रीत त्याच जागी एक आख्खी झावळ आणि तीन नारळ पडले.

शुक्रवारी, धनत्रयोदशीला, मालवणच्या धक्क्यावर गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, धोक्याचा बावटा वर चढलेला. दहा-बारा जण एका दोरखंडाला लागून होडी वाळूवर ओढत होते. आमच्या शेजारचे एक पर्यटक, "अर्ध्या तासात जाऊन येऊ, डबल पैसे देतो," म्हणून मागे लागले होते. होडीवाल्याने त्यांच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. होडी बंद म्हणजे बंद, घासाघीस करू नका. तो रोजच्या कमाईवर पाणी सोडून उभा असतो.

संध्याकाळपर्यंत त्या क्षेत्राचं चक्रीवादळ झालं होतं, नाव क्यार. ते खोल समुद्रात आहे आणि ओमानच्या दिशेने जाणार, असं कळलं आणि आम्ही निर्धास्त झालो. चूक झाली ती इथे. वादळ किनाऱ्याला धडकत नाही म्हणजे किनाऱ्याला धोका नाही, असं नसतं. दोन दिवसांवर अमावास्या होती, म्हणजे उधाणाची भरती. त्यात वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलणारा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. बाहेर पडायला तारकर्लीचा एकच रस्ता.

साडेआठला लाइट गेली. दहाच्या भरतीला पाणी कुंपण ओलांडून अंगणात आलं. लाट नव्हे, नुसता फेस, गुपचूप सरकत आलेला. रांगोळी गेली, पायरीवरच्या पणत्या विझल्या आणि आमच्या चपला परसात विहिरीच्या कट्ट्याला लागलेल्या सकाळी सापडल्या. काकूंनी दुपारीच सगळ्या बादल्या, पातेली, कळश्या भरून ठेवल्या होत्या. लाइट नाही म्हणजे पंप नाही, हे आमच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सकाळी ओहोटी आणि उजेड दोन्ही साधून साडेसहाला निघालो. अंधारात निघायची घाई केली नाही ते बरं झालं, कारण कणकवलीच्या अलीकडे रस्त्यावर आकेशीचं झाड आडवं होतं आणि त्यात विजेच्या तारा अडकल्या होत्या. अशा वेळी गाडीतून उतरून फांद्या बाजूला करायला जाऊ नये. आम्ही पाऊण तास थांबलो, गावातल्या लोकांनी वीज बंद करवून घेतली, मग वाट झाली. परतीला फोंडा घाट घेतला. दरडीची खबर पेट्रोल पंपावर किंवा एसटी स्टँडवर विचारावी, नकाशाच्या ॲपला ती उशिरा कळते.

आपल्या सुट्ट्या म्हणजे मे महिना आणि दिवाळी, आणि अरबी समुद्रातल्या वादळांचे हंगामही तेच दोन, पावसाळ्याच्या आधीचा आणि नंतरचा. म्हणून बुकिंग करताना कॅलेंडरात अमावास्या-पौर्णिमा पाहा, भरतीच्या वेळा घरमालकाला विचारा. निघण्याआधी चार दिवस हवामान खात्याचं जिल्हावार पत्रक रोज बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर किनाऱ्यालगतची खोली सोडून कुडाळ-कणकवलीला राहा. पेट्रोलची टाकी मालवणातच भरून घ्या. रोख पैसे हवेतच, कारण शनिवारी नेटवर्कही नव्हतं आणि वाटेतल्या चहावाल्याला यूपीआयने काय देणार? जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनची बॅटरी संपली तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

रविवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, आम्ही पुण्यात होतो. त्याच दिवशी क्यारचं महाचक्रीवादळ झालं. २००७च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं पहिलंच. आमचे शेजारी शहाणे, त्यांनी ट्रिप आठवडाभर पुढे ढकलली. मग लक्षद्वीपकडून 'महा' नावाचं दुसरं चक्रीवादळ आलं आणि समुद्र पुन्हा बंद.

काकूंनी उरलेल्या दोन रात्रींचे पैसे न मागता परत दिले. ज्या साइटवरून बुकिंग केलं होतं तिने मात्र आपलं कमिशन ठेवून घेतलं. कारण काय, तर वादळ तुमच्या ठिकाणी धडकलं नव्हतं.