आधी गच्ची, मग पावती

आमच्या दुकानात नवा ग्राहक आला की त्याचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "भाऊ, डिश लावू का केबलच राहू देऊ?" नागपुरात सक्करदऱ्याचं आमचं दुकान डिशही बसवतं आणि केबलच्या लाइनीही सांभाळतं. दोन्हींवर आमचं पोट चालतं, त्यामुळे एक काहीतरी ग्राहकाच्या गळ्यात मारायची आम्हाला गरज पडत नाही. आम्ही पत्ता विचारतो, दुकानातला कामाचा मुलगा पाठवतो, गच्ची आणि भिंती बघतो आणि मगच पावती फाडतो. दुकानाची ही रीत बाबांच्या काळापासून चालत आली आहे.

बाबांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढलं, तेव्हा घराघरावर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेने होते आणि सगळ्यांची तोंडं सेमिनरी हिल्सवरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडे. इतवारीतला अँटेना पश्चिमेकडे बघायचा, वाडीतला पूर्वेकडे, मानेवाड्यातला उत्तरेकडे. बाबा गच्चीवर चढायचे आणि खाली उभ्या असलेल्या काकूंना ओरडून विचारायचे, "आता दिसते का?" घर कुठे आहे, आजूबाजूला काय आहे, हे बघितल्याशिवाय चित्र नीट येत नाही, ही गोष्ट आम्ही तिथेच शिकलो.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांचं वारं आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यात केबलवाले उभे राहिले. बाबांनीही आपल्या भागाची लाइन घेतली. कडुलिंबाच्या फांदीवरून, विजेच्या खांबावरून, या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर जायची. १९९५ चा केबल कायदा आला, मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करावी लागली, जिल्हाधिकारी कार्यालयात करमणूक कर भरावा लागायचा. तो कर १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालला.

त्या जुन्या केबलचं खरं दुखणं लाइनीच्या शेवटच्या घरी कळायचं. वायर लांबली की सिग्नल उतरतो, म्हणून मधेमधे अॅम्प्लिफायर लावायचे. पण अॅम्प्लिफायर चित्राबरोबर खरखरही वाढवतो. एकामागून एक चार-पाच लागले की शेवटच्या घरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यात मे अखेरचा कडक उन्हाचा नवतपा लागला की पत्र्याच्या डब्यातले अॅम्प्लिफायर भाजून निघायचे आणि दुपारी दोन वाजता खांबावर चढायला माणूस मिळायचा नाही. बाबा स्वतः डोक्याला ओला दुपट्टा बांधून चढायचे. तेवढी मेहनत करूनही शेवटच्या गल्लीतल्या चार घरांना चांगलं चित्र देता येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही आला, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आणि ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय, जो आता टाटा प्ले या नावाने ओळखला जातो. मी डिशची डीलरशिप घ्यायचं म्हटलं तेव्हा धंद्यातल्या जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. केबलवाल्याच्या घरात डिश म्हणजे घरभेदीपणा, असं काहींनी तोंडावर सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला एवढंच म्हणाले, "जिथं आपली लाइन नीट पोचत नाही, त्या घराला डिश दे. जिथं पोचते, तिथं उगाच खर्च नको करायला लावू." दुकान आजही याच वाक्यावर चालतं.

आता गच्चीवर आम्ही नेमकं काय बघतो, ते सांगतो.

डिशचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी ठरलेले असतात. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला, २१ अंशांवर. म्हणून आपल्याकडची प्रत्येक डिश दक्षिणेच्या बाजूला बघते. किती दक्षिणेला, ते कंपनीवर ठरतं. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे नागपूरच्या रेखांशाच्या जवळच. त्याची डिश थेट दक्षिणेपासून जरा पूर्वेकडे वळलेली आणि जमिनीपासून साधारण ६५ अंश वर बघणारी. एअरटेलचा उपग्रह १०८.२ अंशांवर, म्हणून त्याची डिश आग्नेयेच्याही पलीकडे पूर्वेकडे झुकते आणि ४९ अंशांवरच बघते. दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ अंशांवर, या दोघांच्या मधे. आकडे कोरडे वाटतील, पण घर निवडताना हेच कामी येतात. तुमच्या पूर्वेला दोन मजले उंच नवी इमारत उठली असेल, तर खाली बघणारी डिश अडते आणि वर बघणारी सुटते. शेजाऱ्याकडे एका कंपनीची डिश झकास चालते म्हणून तुमच्याकडे दुसरीही चालेलच, असं नाही.

बाल्कनी फक्त उत्तरेला असलेले फ्लॅट बेसा-मानेवाड्याकडे बरेच आहेत. बाल्कनीत डिश लावून तिथे काहीही होणार नाही. गच्चीवर लावायची परवानगी अपार्टमेंटची समिती देते का आणि गच्चीपासून घरापर्यंत डक्टमधून वायर येते का, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. बाहेरच्या भिंतीवरून वायर सोडू देत नसतील, तर अशा घराला मी सरळ केबल सुचवतो. उलट कुही, काटोल, उमरेडकडच्या गावात जुनं घर असलेल्या आणि आई-वडील तिथेच राहणाऱ्या माणसाला केबलचा विचारही करू नका म्हणतो. शेतातल्या घरापर्यंत लाइन ओढायला कोणी येणार नाही. डिशला मात्र आभाळ मोकळं असलं की पुरतं. रेल्वेत, एअर फोर्समध्ये किंवा बँकेत बदलीची नोकरी असेल तरीही डिशच बरी. ती सोबत नेता येते, केबल मोहल्ल्यातच राहते.

पावसाबद्दल लोकांच्या मनात फार पक्कं बसलं आहे. "पाणी आलं का डिश जातेच नं भाऊ," असं महालापासून जरीपटक्यापर्यंत सगळे म्हणतात. त्यात तथ्य आहे. डिशचा सिग्नल केयू बँडचा असतो, ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास. त्याची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. मोठ्या थेंबांचा जोरदार पाऊस ती लहर शोषतो आणि विखुरतो. केबलच्या कंट्रोल रूमवर ज्या मोठ्या छत्र्या असतात, त्या बहुतेक सी बँडच्या, चार गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. त्यांची लहर तिप्पट लांब, म्हणून पावसाचा मार कमी बसतो. पण नीट बसवलेली डिश मुसळधार सरीत काही मिनिटंच जाते, सर ओसरली की परत येते. रिमझिम पावसात तासन्‌तास जात असेल, तर दोष पावसाचा नाही, बसवणाऱ्याचा आहे. साठ सेंटिमीटरची डिश जराशी हलली तरी सिग्नल काठावर येतो, आणि डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. चित्र एकतर पूर्ण दिसतं, नाहीतर चौकटी-चौकटी होऊन थांबतं. म्हणून उन्हाळ्यात सगळं छान दिसलेल्या डिशचं खरं पितळ मृगाच्या पहिल्या पावसात उघडं पडतं.

आमची मुलं मीटर लावून सिग्नल सर्वांत वर जाईल तिथेच नट आवळतात, बॉक्सवरचा हिरवा पट्टा बघून खाली उतरत नाहीत. खांब पॅरापेटच्या विटांत ठोकत नाहीत. स्लॅबला भोक पाडलं तर गळती लागते, म्हणून जमेल तिथे सिमेंटच्या ठोकळ्यात पाइप उभा करतो. वायरच्या जोडणीवर टेप आणि एम-सील, आणि एलएनबीजवळ (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा) वायरचा एक खाली लोंबता वळसा, म्हणजे पाणी वायरवरून आत न जाता तिथून टपकतं. हे वाचायला किरकोळ वाटेल. मला विचाराल, तर कोणती कंपनी घेतली यापेक्षा या वळशावर जास्त अवलंबून असतं.

केबल पावसाला भीत नाही, पण तिचे शत्रू वेगळे आहेत. सिमेंट रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या कामात तुटलेल्या लाइनी आम्ही कितीदा जोडल्या असतील! संक्रांतीच्या दिवसांत वायरमध्ये अडकलेली पतंग ओढणारी मुलं, झाडाची पडलेली फांदी, सेमिनरी हिल्स-अंबाझरीकडे वायरवर झोके घेणारी माकडं. शिवाय तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी मधल्या नोडला, म्हणजे सिग्नल पुढे वाटणाऱ्या डब्याला, वीज नसली की केबल बंद. डिशचं तसं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा खाली ठेवलेले केबलचे नोड आणि लोकांचे तळमजल्यावरचे बॉक्स सगळेच गेले. पुढचे कित्येक दिवस आम्ही टीव्हीपेक्षा आधी लोकांना चिखल काढायलाच मदत केली.

सरकारने केबल डिजिटल करायची ठरवल्यावर दुसऱ्या टप्प्यात नागपूरचा नंबर लागला. मुदत होती ३१ मार्च २०१३. आमच्या धंद्याचा तो सर्वांत अवघड काळ. दर टीव्हीला वेगळा बॉक्स, दर बॉक्सला ग्राहक अर्ज. स्वयंपाकघरातला जुना छोटा टीव्ही आतापर्यंत त्याच वायरवर फुकट चालायचा, त्यालाही बॉक्स लागणार म्हटल्यावर काकू चिडायच्या. वरून माल पाठवणाऱ्याकडून बॉक्स वेळेवर आले नाहीत आणि बरेच ग्राहक रातोरात डिशकडे वळले. ज्यांना डिश सोयीची होती, त्यांच्याकडे ती आम्हीच बसवली. बाकीच्यांना थांबायला सांगितलं आणि आमच्या शब्दावर ते थांबले. तो विश्वास मला आजही फार मोलाचा वाटतो.

किमतीचं सांगायचं तर १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी पद्धत आली आणि वाहिन्यांची किंमत डिशला वेगळी आणि केबलला वेगळी, हा मोठा गैरसमज मिटायला हवा होता. वाहिनीची कमाल किंमत वाहिनीवालाच जाहीर करतो आणि ती डिशला आणि केबलला एकच असते. वेगळा असतो तो जोडणीचा आकार, म्हणजे जोडणीसाठी दरमहा घेतले जाणारे पैसे. सुरुवातीला तो १०० वाहिन्यांना जास्तीत जास्त १३० रुपये होता, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या आल्या आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीला हा आकार ४० टक्क्यांपर्यंतच घेता येईल, असं ठरलं. २०२४ मध्ये ट्रायने या आकाराची कमाल मर्यादाच काढून टाकली. म्हणून आता पॅकचं नाव विचारू नका. जोडणीचा आकार किती, दुसऱ्या टीव्हीला किती आणि कोणत्या वाहिन्या तुम्ही खरंच बघता, हे कागदावर लिहा. आमच्या हिशेबाचं काम बघणारी माझी बायको ग्राहकासमोर बसून नको असलेल्या वाहिन्या काढून देते. कमिशन थोडं कमी होतं, पण ग्राहक पुढच्या महिन्यात परत येतो.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला मी सहसा केबल सुचवतो, लाइन चांगली असेल तर. रिमोटचं एखादं चुकीचं बटण दाबलं गेलं की काकाजींना कॉल सेंटरचे आकडे दाबत बसणं जमत नाही. मोहल्ल्यातला लाइनमन संध्याकाळी येऊन जातो. महिन्याचे पैसे द्यायची ओढाताण असलेल्या घराला दूरदर्शनची फ्री डिश सांगतो. तिला दरमहा काही द्यावं लागत नाही, सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात. त्यात आम्हाला एकदाच्या बसवणीचे पैसे मिळतात, तरी सांगतो.

आता घरोघरी फायबर येतं आहे आणि मुलं टीव्हीवर इंटरनेटवरूनच सगळं बघतात. आमच्या डिशच्या नव्या जोडण्या कमी झाल्या आहेत, हे खरं आहे. दुकानातल्या दोन मुलांनी फायबर जोडायचं मशीन शिकून घेतलं आणि केबलच्या त्याच लाइनीवर आम्ही इंटरनेटही देतो. ज्या घरात सगळे मोबाइलवर रमले आहेत आणि टीव्ही फक्त क्रिकेटसाठी लागतो, त्यांनी डिश-केबल दोन्ही बंद केली तरी काही बिघडत नाही. पण घरात सासूबाईंना संध्याकाळच्या मालिका वेळेवर लागत असतील, तर त्यांच्या हातातला साधा रिमोट काढून घेऊ नका.

दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आधी, आम्ही जुन्या ग्राहकांच्या डिश तपासतो : नट, जोडणी, वायरचा वळसा, समोर वाढलेल्या झाडाच्या फांद्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या मागून जातो, तेव्हा रोज काही मिनिटं डिश आणि केबल दोन्ही अडखळतात. त्यासाठी कोणाला बोलावू नका, आपोआप सुरळीत होतं. बाकी काहीही असलं तर दुकानात या किंवा फोन करा. येताना घराच्या बाल्कनीचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि अपार्टमेंटची गच्ची उघडी असते का, एवढं बघून या.