पंखा फिरतोय की!

आमच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘पंखा फिरतोय की ओ!’ गिऱ्हाईक सीपीयू टेबलावर ठेवतं, पत्र्याचं झाकण काढून दाखवतं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत हे बोलून मोकळं होतं. पहिलं वर्षभर मीही तसाच फिरत्या पंख्याकडे बघून समाधान मानायचो.

2006 साली इचलकरंजीत दुकान टाकलं. जवळ होता हार्डवेअरचा सहा महिन्यांचा कोर्स आणि वडिलांनी पतसंस्थेतून काढून दिलेलं कर्ज. गाव यंत्रमागाचं. 1904 मध्ये इथे पहिला माग आला, तेव्हापासून इथल्या हवेत सूत आहे. सुताला सायझिंगमध्ये, म्हणजे विणण्याआधी, कांजी देतात. मागावर ते घासलं की बारीक तंतू आणि कांजीची पूड दोन्ही उडतात. कारखान्याचं ऑफिस म्हणजे मागांशेजारी एक पार्टिशन. तिथला संगणक दिवसभर तेच ओढून घेतो. कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात एका कारखान्याच्या दिवाणजींचा फोन आला. दुपारी संगणक सुरू केला की दहा मिनिटांत बंद. मी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलला. मग रॅम (मेमरीची पट्टी) बदलली. मग फॉरमॅट मारला, म्हणजे सगळं पुसून नव्याने भरलं (आम्हा मंडळींचा तेव्हाचा रामबाण!). तोवर कामगारांचा आठवड्याचा पगार अडकला आणि मालकांचे दोन फोन येऊन गेले. चौथ्या खेपेला दिवाणजी म्हणाले, “पोरा, सकाळी बरा चालतोय रे. दुपारी मात्र जेवण झाल्यागत पेंगतोय.”

रोगाचं निदान त्यांनीच केलं होतं. बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर दोन मिनिटांत पुन्हा बंद, तासाभराने केला तर दहा मिनिटं चालणार. म्हणजे तापतोय. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन पाहिलं तर नुसतं बसून तापमान नव्वदीपार. त्या काळातले पेंटियम फोर प्रोसेसर (संगणकाचा मेंदू असलेल्या चिप) म्हणजे चुलीच. 2004 नंतरच्या काही मॉडेलना 115 वॉटची उष्णता बाहेर काढणारा कूलर (हीटसिंक आणि पंख्याची जोडी) लागायचा. पंखा फिरत होता, पण खाली हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर पिंजेची (उडालेल्या तंतूंची) अख्खी गोधडी बसली होती. वारा गोधडीवर आपटून परत येत होता. त्यात कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक उचकटलेली, त्यामुळे हीटसिंक एका कोपऱ्यात प्रोसेसरला टेकतच नव्हता. दोघांमधली उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती.

गोधडी काढली, तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली, पिन खटकन बसवली. अर्ध्या तासाचं काम. एसएमपीएस आणि रॅम परत घेऊन पैसे दिले. त्या महिन्याचा हप्ता वडिलांनी भरला, वर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

घरघरणाऱ्या पंख्याचं शास्त्र त्यानंतर हळूहळू कळलं. स्वस्त पंख्यात साधं स्लीव्ह बेअरिंग असतं, म्हणजे आस तेलाच्या आधाराने नळीत फिरतो. उष्णतेने त्यातलं तेल आटतं. मागचं स्टिकर सोलायचं, रबरी बूच असेल तर काढायचं, आईच्या शिलाई मशीनचं एक थेंब तेल सोडायचं, की पंखा गप्प. पण इथल्या उन्हाळ्यात हे चार-सहा आठवड्यांचं काम. आम्ही तेल घालून देताना आजही सांगतो, नवा पंखा आणून ठेवा.

एकदा एका पुरवठादाराकडून ‘बॉल बेअरिंग’ (छर्ऱ्यांवर फिरणारं, जास्त टिकणारं) लिहिलेले शंभर पंखे घेतले. पावसाळा संपेतो एकेक परत यायला लागला. स्टिकर सोलून पाहिलं तर आत स्लीव्हच. सगळे पदरचे पैसे घालून बदलून दिले. तेव्हापासून कुठलाही लॉट आला की त्यातला एक पंखा आधी फोडून बघायचा, हा नियम.

खरी वाढ झाली ती 2017 च्या जुलैत जीएसटी आल्यावर. वही-पेन्सिलीवर चालणारे मागवाले एकदम संगणकाच्या शोधात. बहुतेकांनी तो टेबलाच्या कप्प्यात बसवला आणि दारही लावून टाकलं, धूळ नको म्हणून! आतली गरम हवा आतच फिरते हे पटवायला आम्ही कप्प्यात हात घालायला सांगायचो. तेवढं पुरे व्हायचं.

मग वर्षाच्या कराराची कामं घ्यायला लागलो. आज धाकटा भाऊ आणि दोन पोरं मिळून ती सांभाळतात. नव्या पोराला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगतो. ब्लोअर (धूळ उडवायचं हवेचं यंत्र) मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, नाहीतर तो भिंगरीसारखा पळून बेअरिंग खराब होतं. आणि कॅबिनेटचा (सीपीयूच्या डब्याचा) पंखा बसवताना आडव्या दांड्यांची बाजू बघायची, वारा तिकडून बाहेर पडतो. मागचा पंखा उलटा बसवून एकाने अख्खा दिवस ‘प्रोसेसरच खराब’ म्हणून घालवला होता. बरं, तो पंखाही फिरत होताच.

सफाई मार्चअखेरीच्या आत व्हायला हवी, पण तेव्हाच मालक मशीन सोडत नाहीत. म्हणून कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी जातो, सीपीयू अंगणात आणतो आणि वाऱ्याकडे पाठ करून ब्लोअर सुरू करतो. पिंज उडते ती शेजारच्या मागवाल्यांच्या खिडकीत. तेही आमचेच गिऱ्हाईक.