अंदमानला जाताना कालनिर्णय सोबत ठेवा

अंदमानचं कुठलंही पॅकेज उघडा, त्यात हॉटेल एसी आहे का, ब्रेकफास्ट इन्क्लूडेड आहे का, कॅन्डल लाइट डिनर आहे का हे सगळं असतं, फक्त तुम्ही बीचवर पोचाल तेव्हा समुद्र कुठे असेल हे नसतं. आणि मला विचाराल तर तिथे तेच सगळ्यात महत्त्वाचंय.

हे ज्ञान माझं नाही, सासऱ्यांचं. अप्पा मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे, त्यामुळे आम्ही तारखा ठरवायला बसलो तेव्हा सगळे विमानाचं भाडं बघत होते आणि अप्पा भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आले. "अगं, अष्टमीला जाऊन काय बघणार? भांगाची भरती असते, पाणी धड वर नाही धड खाली नाही. पौर्णिमा नाहीतर अमावास्या धर." नवरा म्हणाला अप्पा आपण मासे पकडायला नाही चाललोय, पण मला ते पटलं, आणि तिकीटही त्याच आठवड्यात जरा स्वस्त मिळत होतं, सो पौष पौर्णिमा फायनल.

तर नील बेटाबद्दल आधी सांगते, कारण सगळे हॅवलॉकबद्दल भरभरून लिहितात आणि नील एका दिवसात उरकतात. (२०१८ मध्ये नावं बदलली, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, नंतर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोलताना आम्ही सगळे जुनीच वापरत होतो, पण फेरीचं तिकीट काढताना नवी नावं लक्षात ठेवा.) इथली वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची. बीचची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. बेट छोटंसं, सायकलवर आरामात फिरता येतं, दोन्ही बाजूंना भाजीचे मळे, केळी, सुपारी. अप्पा तर उतरल्या उतरल्या म्हणाले, एवढा प्रवास करून परत कोकणातच आणलंत होय.

पण समुद्र कोकणातला नाही. आपल्याकडे उधाणाला मुंबईत साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, तिथे चढउतार साधारण दोन मीटरचा. ऐकायला कमी वाटतं, पण किनाऱ्याला लागून प्रवाळाचं सपाट पठार असतं आणि ते इतकं उथळ की दोन मीटर पाणी उतरलं तरी लांबच्या लांब तळ उघडा पडतो. भरतपूरला भरती असताना गेलात तर काचेसारखं हिरवंनिळं पाणी, लोकं मस्त डुंबतायत, आणि त्याच जागी ओहोटीला गेलात तर नुसते खडबडीत खडक, पोहायचं तर सोडाच, चालतानाही पाय सोलपटतात. इंटरनेटवर भरतपूरचे रिव्ह्यू वाचा, अर्धे लोक स्वर्ग म्हणतात आणि अर्धे पैसे वाया म्हणतात, दोघंही खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या वेळी गेलेत.

लक्ष्मणपूरच्या नॅचरल ब्रिजचं बरोबर उलटं. ती दगडाची कमान बघायला ओहोटीच पाहिजे, भरतीला तिथपर्यंत नीट जाताच येत नाही. आम्ही दुपारनंतर गेलो, पाणी मागे सरकत होतं, आणि खडकांमधल्या डबक्यांत जे काही अडकून राहिलेलं असतं ना ते बघण्यात दीड-दोन तास कसे गेले कळलं नाही. समुद्रकाकड्या, खेकडे, निळ्या रंगाचे इवलेसे मासे, आणि एका भेगेत रुतून बसलेला मोठा शिंपला, त्याची कड जांभळी-हिरवी मखमली, सावली पडली की पटकन मिटायचा. गाईड सारखा ओरडत होता, हात नहीं लगाना, पैर देख के रखना. बरोबरच आहे त्याचं, जिवंत प्रवाळावर एकदा पाय पडला की ते परत वाढायला किती वर्षं लागतात. चांगल्या ग्रिपच्या सॅन्डल घाला प्लीज, चपलांनी तिथे लोकं धडाधड पडत होती.

आता खरी मजा. परत येताना एक बंगाली होडीवाले काका नारळपाण्याच्या टपरीवर बसले होते, अप्पांच्याच वयाचे असतील, आणि अप्पांनी त्यांना आपल्या कोकणी हिंदीत तो हिशोब सांगायला सुरुवात केली की तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. काकांनी बोटांवर मोजलं आणि मान हलवली, नहीं दादा, इधर नहीं मिलेगा, पूर्णिमा को इधर सुबह नौ-दस बजे भरता है. तास-दोन तासांचा फरक. अप्पांना आधी ते मान्यच नव्हतं, मग दोघांनी वाळूत काडीने आकडे मांडले, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतं यावर एकमत झालं, पण सुरुवात प्रत्येक बंदराची वेगळी. दोघंही एका समुद्राच्या दोन टोकांचे पंचांगवाले, आम्ही बाकीचे नुसते उभे, आणि माझा मुलगा मोबाईलवर टाइड चार्ट उघडून म्हणतोय काकांचं बरोबर आहे. त्याच्याकडे कोणी बघितलं पण नाही.

हॅवलॉक सुंदर आहे, त्यात वादच नाही. तिथल्या राधानगर बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालाय आणि ते दिसतं, स्वच्छ, मऊ पांढरी वाळू, मागे समुद्रमहुआची प्रचंड उंच झाडं, अगदी किनाऱ्यापर्यंत जंगल. फक्त सनसेटची वेळ नीट बघा. घड्याळ तेच पण अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की सूर्य पुण्यापेक्षा सव्वा तासाच्या आसपास आधी मावळतो, जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला खेळ खलास. पाच वाजता आरामात चहा घेऊन निघालेले लोक अंधारात फोटो काढताना दिसले. आणि मगरींच्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत तिथे, २०१० मध्ये राधानगरजवळच एका पर्यटक मुलीचा जीव गेलाय. गार्डने शिट्टी मारली की बाहेर या, वाद नका घालू.

एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग केलं, पोहता येत नसलं तरी चालतं, रिंग धरून गाईड ओढत नेतो. प्रवाळ बघून मात्र थोडं वाईट वाटलं, बराचसा भाग मेलेला, करडा. २०१० मध्ये पाणी तापून तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं होतं, त्यात आमच्यासारख्यांची गर्दी. किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीत उन्मळलेल्या झाडांचे बुंधे अजून पडलेत, पोरं त्यावर चढून सेल्फी काढतात.

बाराटांग बेटावर आम्ही गेलो नाही. चुनखडीच्या गुहा चांगल्या असतील, पण त्या रस्त्याने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांचा काफिला जातो, आणि आमच्या हॉटेलवरचा एक एजंट चक्क "लक असेल तर दिसतील" असं म्हणून तिकीट विकत होता. माणसं आहेत ती. मी नाही म्हटलं, घरात कोणी हट्ट पण केला नाही.

सेल्युलर जेलबद्दल मराठीत इतकं लिहिलं गेलंय की मी वेगळं काय सांगणार. सात विंगांपैकी आता तीनच उभ्या आहेत, सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला, १९११ ते १९२१ ते इथे होते. एकच सांगते, लाइट अँड साऊंड शोवर भागवू नका, दिवसा जा आणि कोलू, म्हणजे कैद्यांना जुंपायचे ती तेलाची घाणी, बघा. अप्पा त्या कोलूपुढे बराच वेळ उभे होते आणि नंतर जेवेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

बाकी फुटकळ: फेरीत बोट लागते, गोळी आधी घ्या. शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नका, एअरपोर्टवर बॅग उघडतात, आमच्या पुढच्या कुटुंबाची उघडली, पिशवीभर निघाले आणि काउंटरवरच ठेवून जावे लागले. मासे ताजे असतात पण सगळीकडे मोहरीचा वास, सोलकढी विसरा.

आणि तारखा ठरवताना पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दोन-तीन दिवस नीलला ठेवा, बाकी हॅवलॉक कधीही करा. मार्चमध्ये जायचं असेल तर होळीची पौर्णिमा बहुतेक वेळा तेव्हाच येते, फक्त सुट्ट्यांमुळे फेरीची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा विमानाच्या आधी फेरी बघा. आमचे अप्पा आता लक्षद्वीपची तिथी शोधतायत.