रोझाचा परवाना आणि आमच्या ह्यांचा शर्ट

माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला गेले होते, तेव्हा जनावरांच्या बाजारात दोन तास चित्रं काढत उभी राहिले. साडीवर ह्यांचा जुना फुल शर्ट चढवलेला, हातात वही. पाच मिनिटांत एक म्हातारा शेजारी येऊन थांबला. ‘‘एन बरीतीरि अक्का?’’ म्हणजे काय लिहिताय. जनावराजवळ वही घेऊन उभी असलेली बाई सरकारीच असणार, असा त्याचा हिशेब. दुसऱ्यानं तर कानात बिल्ले मारायला आलाय काय म्हणून विचारलं आणि आपला खोंड हळूच मागं घेतला. चित्र काढतेय म्हटल्यावर दोघंही जरा नाराजच झाले.

परतीच्या एसटीत मला रोझा बोनर आठवत होती, जनावरांची चित्रं काढणारी फ्रेंच चित्रकर्ती. चिक्कोडी तालुक्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते, त्यामुळं असली माणसं डोक्यात फिरत असतात. रोझाचा जन्म 1822 चा, बोर्दोतला. बाप रेमों चित्रकार. पोरगी अक्षरं शिकायला तयार होईना, तेव्हा आईनं युक्ती केली: प्रत्येक अक्षरासाठी एकेक प्राणी काढायला लावला. (आमच्या पोरांना मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्या गिरवाव्या लागतात. त्या आईला आमच्याकडं बरंच काम मिळालं असतं.) ती आई रोझा अकरा वर्षांची असतानाच गेली.

पुढं बापानं शिकवलं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला केल्या आणि प्राण्यांचं शरीर आतून कळावं म्हणून ही मुलगी पॅरिसच्या कत्तलखान्यांत जाऊन बसायला लागली. रक्ताच्या चिखलात घोळदार झगा काय कामाचा? घोड्यांच्या बाजाराचं मोठं चित्र करायचं ठरलं तेव्हा तर दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, ती पुरुषी कपडे घालून त्या बाजारात जात होती. पॅरिसमध्ये 1800 सालापासून हुकूम होता: बाईला पुरुषाचे कपडे घालायचे तर पोलिसांची परवानगी हवी. रोझाच्या नावाचा 1857 चा एक परवाना आजही बघायला मिळतो. कारण लिहिलंय ‘तब्येतीसाठी’, मुदत सहा महिने. शिवाय त्या कपड्यांत नाटकाला किंवा नाचाच्या जलशाला जायचं नाही, अशी अट.

आमच्याकडं भांगलायला जाणारी प्रत्येक बाई साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालते. काटे लागू नयेत, उसाच्या पाल्यानं हात कापू नयेत म्हणून. तिला कुणी परवाना मागत नाही. पण त्याच शर्टात ती वही घेऊन बाजारात उभी राहिली, की मात्र खोंड मागं घेतले जातात.

‘घोड्यांचा बाजार’ हे तिचं चित्र 1853 च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, लागलं. आठ फूट उंच, सोळा फुटांहून लांब. गाम्बार नावाच्या व्यापाऱ्यानं ते चाळीस हजार फ्रँकला घेतलं, इंग्लंडात राणी व्हिक्टोरियानं बघितलं आणि 1887 पासून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. रोझानं त्या कमाईतून फोंतेनब्लोच्या जंगलाकडेला ‘बी’ नावाच्या गावातली वाडी घेतली, सिंहांसकट जनावरं पाळली आणि मैत्रीण नाताली मिकासबरोबर तिथं राहिली. 1865 मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी स्वतः तिथं जाऊन तिला लेजिअन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा किताब देऊन आली. तो मान मिळालेली ती पहिली चित्रकर्ती. 1899 मध्ये ती त्याच घरात वारली.

मला स्वतःला घोड्यांपेक्षा तिचं 1849 चं नांगरटीचं चित्र जवळचं. फ्रान्सच्या निव्हेर्ने भागातली शरदातली नांगरट. सहा-सहा बैलांची दोन औतं चढाला लागलेली, पुढ्यात नुसती उलथलेली ढेकळं. माणसं जवळजवळ बैलांआड झाकलेली. सगळा मान बैलांना.

हे चित्र मी अण्णांना मोबाईलवर दाखवलं. माझे वडील. सारा जन्म बैलांत गेला. बाजारात हेड्याबरोबर टॉवेलखाली बोटं धरून सौदा करणारा माणूस. चित्रकलेतलं त्यांना काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात.

त्यांनी चष्मा पुसला. पहिला प्रश्न, ‘‘वशिंड कुठाय ह्यास्नी?’’

तिकडच्या बैलांना वशिंड नसतं, म्हणून जू शिंगांच्या मुळाशी बांधतात, असं मी सांगितलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. ‘‘मानेनं वडायचं सोडून कपाळानं वडायचं? हाल की रं.’’ मग बोटानं चित्र मोठं करून एकेक पाय बघत गेले. पुढचा रेटतोय, मागच्याचा खूर मातीत रुतलाय. ‘‘चाल बराब्बर हाय. जवळ उभं राहून काढलंय हे. कुणी काढलंय?’’

‘‘एका बाईनं.’’

‘‘शेतकऱ्याची काय?’’

‘‘नाही, चित्रकाराची पोरगी.’’

‘‘असूं दे.’’

त्या चित्रात एक बैल चालता चालता आपल्याकडं बघतो. कला शिकलेली माणसं त्या डोळ्यावर पानंच्या पानं लिहितात. अण्णा तिथं थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोबाईल माझ्या हातात देत उठले आणि गोठ्याकडं जाता जाता म्हणाले, ‘‘त्यो दमलाय. सोडा म्हणावं आता औत.’’