पन्हाळ्याच्या चढावरून तोस्कानाकडे

कोल्हापुरातील आम्ही काही सायकलस्वार पन्हाळ्याचा घाट चढून इटलीतील तोस्काना प्रांताच्या प्रवासाची तयारी करत आहोत. तेथील टेकड्या फार उंच नसल्या, तरी एक चढ संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो. म्हणून हलके गिअर असलेली सायकलच न्यावी, असे माझे ठाम मत आहे. मला सर्वाधिक ओढ आहे ती द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांची. हे रस्ते डांबराखाली गाडले जाऊ नयेत, या तळमळीतून १९९७ मध्ये गायोले इन कियांती या गावी ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली आणि तिच्यात आजही मुख्यतः १९८७ पूर्वीच्या बनावटीच्या सायकली धावतात. मध्ययुगीन मनोऱ्यांचे सान जिमिन्यानो मात्र पर्यटकांची गर्दी होण्यापूर्वी, सकाळीच गाठायचे आम्ही ठरवले आहे.